बोंडे, बिया, काड्या

देवळाली प्रवराच्या माणसाला कोर्ट म्हणजे आधी राहुरी आणि मग नगर. जमिनीची वाटणी, बांधावरची भांडणे, न वटलेले चेक हे सारे बहुधा या दोन गावांतच निकाली निघते. तिसरे कोर्ट बघायची वेळ बहुतेक घरांवर येत नाही. ते नेवासा फाट्यावरून पुढे, शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरला आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे हे खंडपीठ २७ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाले. शहराचे नाव बदलले, आपल्या जिल्ह्याचेही अहिल्यानगर झाले, तरी पक्षकारांच्या तोंडी ते अजून औरंगाबाद खंडपीठच आहे. जिल्ह्यातल्या सत्र न्यायालयाने दिलेल्या शिक्षेवरचे अपील तिथे चालते. या प्रकरणात आपल्याला त्याच रस्त्याने जायचे आहे. सोबत ज्याच्याकडे गाव सहानुभूतीने बघत नाही असा माणूस आहे: अमली पदार्थ विकण्यासाठी नेल्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला.

समजा, गावातल्या एका घरातला सव्वीस वर्षांचा मुलगा टेम्पो चालवायचा. एका रात्री नाकाबंदीत टेम्पो अडवला गेला, ताडपत्रीखाली एक पोते निघाले, काट्यावर ते एकवीस किलो भरले. जामीन मिळाला नाही. तीन वर्षे खटला चालला आणि एका दुपारी निकाल आला: दहा वर्षे सक्तमजुरी, एक लाख रुपये दंड, दंड न भरल्यास आणखी कैद. मुलाने ते केले की नाही हे आपल्याला ठाऊक नाही, त्याच्या आईलाही नसेल. ती मुलाच्या मामाला घेऊन वकिलाकडे जाते आणि म्हणते, "साहेब, माझं पोरगं असं करणारं नाही." मुरलेला वकील त्यावर काही बोलत नाही. तो विचारतो, "मावशी, निकालाची तारीख कोणती? आणि निकालपत्राची प्रत हातात आली का?"

या दोन प्रश्नांवर पुढचे सगळे उभे आहे. सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर उच्च न्यायालयात अपील करायला मुदतीच्या कायद्याने ६० दिवस मिळतात. निकालाची प्रमाणित प्रत मिळायला लागलेला वेळ त्यातून वगळला जातो. कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत फुकट आणि लगेच मिळाली पाहिजे, हा हक्क आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम ४०४ मध्ये आहे. ६० दिवस उलटले म्हणून दार कायमचे बंद होत नाही. उशीर का झाला ते पटवून दिले तर न्यायालय तो माफ करू शकते. पण पैसे जमवण्यात, पाहुण्यारावळ्यांचे सल्ले ऐकण्यात सहा-सहा महिने घालवणाऱ्या घरांना तो उशीर तुरुंगातल्या माणसाच्या दिवसांनी फेडावा लागतो.

आणखी एक गोष्ट इथेच ठासून सांगतो. वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून अपील राहिले असे होता कामा नये. कोठडीतल्या माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो. तुरुंगातला माणूस आपले अपील थेट कारागृहाच्या अधीक्षकांकडे देऊ शकतो, ते पुढे उच्च न्यायालयात पाठवणे हे त्यांचे काम आहे. त्याला जेल अपील म्हणतात. खंडपीठातली विधी सेवा उपसमिती त्यासाठी वकील नेमते. आपल्या भागात अशा वेळी पहिला विचार येतो तो दोन-चार गुंठे विकण्याचा. जमीन विकायच्या आधी ही एक चौकशी जरूर करावी.

आता कायदा. त्याचे लांबलचक नाव गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५. पोलीस ठाण्यापासून न्यायालयापर्यंत सगळे त्याला एनडीपीएस म्हणतात. तो १४ नोव्हेंबर १९८५ रोजी लागू झाला आणि २००१ च्या दुरुस्तीने त्याची शिक्षेची रचना वजनावर उभी केली. गांजा १ किलोपेक्षा कमी असेल तर ते अल्प प्रमाण, आणि शिक्षा फार तर एक वर्ष. २० किलोपेक्षा जास्त असेल तर व्यापारी प्रमाण, आणि शिक्षा किमान दहा वर्षे, जास्तीत जास्त वीस, दंड किमान एक लाख. मधल्या वजनाला दहा वर्षांपर्यंत कितीही. हेरॉइनची व्यापारी मर्यादा २५० ग्रॅम, चरसची १ किलो. हल्ली ज्याचे नाव आपण रोज ऐकतो त्या एमडीची, म्हणजे मेफेड्रोनची, फक्त ५० ग्रॅम. व्यापारी प्रमाण एकदा सिद्ध झाले की न्यायाधीशाला आरोपीचे वय, गरिबी, पहिलाच गुन्हा यातले काहीही दहा वर्षांच्या खाली जायला उपयोगी पडत नाही.

वजनापेक्षाही कडक गोष्ट पुढे आहे. आपल्या फौजदारी कायद्याचा पाया असा की गुन्हा सरकारने सिद्ध करायचा, आरोपीने काहीच सिद्ध करायचे नाही. एनडीपीएसमध्ये कलम ३५ आणि कलम ५४ हा पाया हलवतात. माल आरोपीच्या ताब्यात होता एवढे दिसले की त्याला तो माहीत होता, त्याच्या मनात गुन्हा होता, असे न्यायालयाने गृहीत धरायचे. तसे नव्हते हे आरोपीने दाखवायचे, आणि तेही वाजवी संशयापलीकडे. टेम्पोत दुसऱ्याने ठेवलेल्या पोत्याबद्दल आपल्याला माहीत नव्हते हे चालकाने कसे सिद्ध करावे, याचा विचार करून पाहा.

सर्वोच्च न्यायालयाने हे गृहीतक रद्द केलेले नाही. पण २००८ साली नूर आगा खटल्यात त्याची हद्द आखून दिली. अमृतसरच्या विमानतळावर हेरॉइनसह पकडल्याचा आरोप असलेला तो अफगाण नागरिक होता. न्यायालयाने सांगितले की माल खरोखर सापडला, तो याच माणसाच्या ताब्यात सापडला आणि जो सापडला तोच प्रयोगशाळेत गेला, हे मूळ मुद्दे सरकारनेच सिद्ध करायचे. त्यानंतरच गृहीतकाची पाळी येते. जितकी शिक्षा कडक, तितकी पुराव्याची तपासणी कडक. तो सुटला.

अपिलाची लढाई या मूळ मुद्द्यांवर होते. लोकांना वाटते तशी ती नव्याने भरलेली सभा नसते. साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात येत नाहीत, आरोपीला काही विचारले जात नाही, बहुतेक वेळा तो तिथे नसतोच. खालच्या कोर्टातले सगळे दप्तर मागवले जाते आणि त्यातून पेपरबुक तयार होते: फिर्याद, पंचनामे, जबान्या, उलटतपासणी, सीए रिपोर्ट म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, आणि निकाल. खालचे कामकाज मराठीत झालेले असते, उच्च न्यायालयाचे इंग्रजीत चालते. म्हणून राहुरीच्या पंचाने नगरच्या कोर्टात मराठीत सांगितलेले शब्द भाषांतर होऊन न्यायमूर्तींपुढे येतात. शिक्षा ठेवणे, रद्द करणे, कमी करणे, क्वचित खटला पुन्हा चालवायला पाठवणे, हे सगळे अधिकार अपिलाच्या न्यायालयाला आहेत. ते प्रत्येक पुरावा नव्याने तोलू शकते. मात्र उलटतपासणीत जो प्रश्न विचारलाच गेला नाही, त्याचे उत्तर पेपरबुकात सापडत नाही. अपिलाचे बी खटल्यातच पेरलेले असावे लागते.

पंचनाम्यातली एक ओळ घेऊ. आपल्याकडच्या जप्ती पंचनाम्यांत गांजाचे वर्णन ठरावीक साच्याचे असते: उग्र वासाचा, हिरवट, पाने, बोंडे, बिया, काड्या असलेला ओलसर पाला. लिहिणारा हवालदार ते सवयीने लिहीत असेल. पण अपिलात याच ओळीवर दिवस जातात, कारण कायद्याने गांजाची व्याख्या केलेली आहे. कलम २ प्रमाणे गांजा म्हणजे झाडाचे फुललेले किंवा फळ धरलेले शेंडे, आपण ज्यांना बोंडे म्हणतो ती. शेंड्यांशिवायची नुसती पाने आणि नुसत्या बिया गांजात मोडत नाहीत. पाल्याची भांग या केंद्रीय कायद्याच्या व्याख्येबाहेर राहते ती यामुळेच.

आता पोत्यातल्या एकवीस किलोंत बोंडे किती होती? पाने बोंडांना लागून होती, की सुटी? काड्यांचे वजन कशात धरले? पंचनाम्यात "हिरवा पाला" एवढेच लिहिले असेल आणि प्रयोगशाळेला मिळालेल्या नमुन्यात मात्र बोंडे निघाली असतील, तर तो नमुना त्याच पोत्यातला होता का? ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती भारती डांगरे यांच्यापुढे जामिनाचे असेच एक प्रकरण आले होते. जप्तीत वर्णन हिरवट पाल्याचे, प्रयोगशाळेत गेले ते फुलोऱ्यासह. या तफावतीचा फायदा आरोपीला मिळाला आणि जामीन झाला.

दुसरा प्रश्न राहुरी तालुक्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावा लागणार नाही. वांबोरीच्या बाजारात कांद्याची गोणी काट्यावर चढली की बारदाना वजा होतो. मग पंचनाम्यातले एकवीस किलो बारदानासह की बारदाना सोडून? पोते, आतली प्लास्टिकची पिशवी, ओल. व्यापारी प्रमाणाची रेघ २० किलोंवर आहे आणि ती ओलांडली तरच दहा वर्षांची सक्ती लागते. काटा कुणाचा होता, कुठून आणला, तो चालवणारा साक्षीला आला का? कांद्याच्या पट्टीत एवढी खबरदारी घेणाऱ्या समाजाने माणसाच्या दहा वर्षांसाठी तेवढीच मागितली तर त्यात गैर काय?

वजनाचे सगळ्यात स्पष्ट उदाहरण गोव्याचे आहे. राजेश जगदंबा अवस्थी विरुद्ध गोवा राज्य या खटल्यात जप्तीच्या वेळी चरसची दोन पाकिटे झाली होती, एक १०० ग्रॅमचे, दुसरे ११५ ग्रॅमचे. प्रयोगशाळेत ती उघडून तोलली तेव्हा ९८.१६ आणि ८२.५४ ग्रॅम भरली. पहिल्या पाकिटातली घट कुणीही समजून घेईल. दुसऱ्यातले ३२ ग्रॅमहून अधिक कुठे गेले? विशेष न्यायालयाने शिक्षा दिली होती, उच्च न्यायालयाने ती कायम केली होती. सर्वोच्च न्यायालयाने विचारले की जप्त केलेला माल आणि तपासलेला माल एकच आहे यावर मग विश्वास कसा ठेवायचा, आणि आरोपीला सोडले.

असे निकाल वर्तमानपत्रात आले की चावडीवर एक वाक्य हमखास ऐकू येते: तांत्रिक मुद्द्यावर सुटला. मला हे वाक्य चुकीचे वाटते. कायद्याने गृहीतकाचे पारडे सरकारच्या बाजूला झुकवले आहे. दुसऱ्या पारड्यात टाकायला आरोपीकडे एकच गोष्ट उरते, ती म्हणजे जप्तीची शिस्त. लाखेचे सील कुणी लावले, त्याचा ठसा कुणाकडे राहिला, मुद्देमाल रजिस्टरात नोंद कोणत्या तारखेची, नमुना घेऊन जाणारा शिपाई कधी निघाला आणि कधी पोचला, मधल्या रात्री पाकीट कुठे होते. या साखळीतली एक कडी तुटली तर प्रयोगशाळेचा अहवाल कितीही खरा असला तरी तो या आरोपीबद्दल काहीच सांगत नाही. सील आणि रजिस्टर हाच इथे पुरावा आहे. ते ज्या देशात ढिले असतील तिथे उद्या कुणाच्याही गाडीत पोते सापडू शकते.

म्हणून अंगझडतीचे कलम ५० एवढे महत्त्वाचे. झडतीपूर्वी संशयिताला सांगावे लागते की राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घेतली जावी अशी मागणी करण्याचा तुला हक्क आहे. १९९९ मध्ये बलदेव सिंग खटल्यात घटनापीठाने या हक्काचे महत्त्व सांगितले. २९ ऑक्टोबर २०१० रोजी विजयसिंह जडेजा खटल्यात दुसऱ्या घटनापीठाने सांगितले की हक्काची जाणीव करून देणे सक्तीचे आहे, ढोबळमानाने पाळले म्हणून चालणार नाही. २०१४ मध्ये राजस्थानच्या परमानंद खटल्यात पोलिसांनी तिसराच पर्याय दिला होता: छाप्यात सोबत असलेल्या आमच्याच अधिकाऱ्यासमोर झडती देतोस का? न्यायालयाने तो पर्याय बेकायदा ठरवला. आपल्याकडे छाप्याला बहुधा नायब तहसीलदारांना बोलावतात. ते खरोखर जागेवर होते की नंतर सही झाली, हे त्यांच्या उलटतपासणीत कळते.

पण हा मुद्दा आपल्या टेम्पोवाल्याच्या कामाचा नाही, आणि ते त्याच्या आईला वेळीच सांगितले पाहिजे. कलम ५० माणसाच्या अंगझडतीला लागू होते. पिशवी, पोते, वाहन यांना ते लागू नाही, हे हिमाचल प्रदेशच्या पवन कुमार खटल्यात २००५ मध्येच ठरले आहे. गाजलेल्या निकालांची नावे ऐकून घरचे लोक आशा धरतात आणि काही वकील ती वाढवतात. तसेच दुसऱ्या एका मुद्द्याचे. २०१८ मध्ये मोहन लाल खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले होते की फिर्याद देणारा पोलीस अधिकारी आणि तपास करणारा अधिकारी एकच असेल तर खटला दूषित होतो. कित्येक अपिले त्या एका निकालावर उभी राहिली. ३१ ऑगस्ट २०२० रोजी मुकेश सिंग खटल्यात घटनापीठाने तो निकाल फिरवला. आता फक्त तेवढ्यावर कुणी सुटत नाही, पक्षपात दाखवावा लागतो. अपील पाच-सहा वर्षे पडून असते तेव्हा दाखल करतानाचा भक्कम मुद्दा सुनावणीला निकामी झालेला असू शकतो. उलटही होते: कलम ६७ खाली अधिकाऱ्यांनी घेतलेले जबाब कबुलीजबाब म्हणून वापरता येणार नाहीत, हे तोफान सिंग खटल्यात २९ ऑक्टोबर २०२० ला ठरले आणि त्याआधी अशा जबाबांवर झालेल्या शिक्षांना अपिलात हादरा बसला.

खबरीचेही असेच. गुप्त बातमी मिळाली असेल तर ती लिहून काढायची आणि ७२ तासांत वरिष्ठांना कळवायची, असे कलम ४२ सांगते. कर्नेल सिंग खटल्यात २००९ मध्ये घटनापीठाने मध्यम मार्ग काढला. उशीर झाला आणि त्याला पटण्यासारखे कारण असेल तर चालेल, पण काहीच केले नसेल तर नाही.

नमुने काढण्याचा मुद्दा सध्या सगळ्यात जास्त घासला जातो. जागेवरच पोत्यातून दोन मुठी काढून पाकीट करायचे, ही जुनी पद्धत. कलम ५२अ म्हणते की मालाची यादी आणि नमुने दंडाधिकाऱ्यासमोर प्रमाणित व्हावेत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०१६ च्या निकालात ते बजावले. त्यासाठीचे स्वतंत्र नियम डिसेंबर २०२२ मध्ये आले. २०२३ मध्ये या एका कारणावर शिक्षा रद्द झाल्याची उदाहरणे आहेत. मग ६ जानेवारी २०२५ रोजी छत्तीसगडच्या भारत आंबळे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कलम ५२अ नीट पाळले नाही एवढ्याने शिक्षा आपोआप कोसळत नाही. बाकी पुरावा विश्वासार्ह असेल तर ती टिकते. मला हे बरोबर वाटते. शिस्तीचा उद्देश माल तोच आहे याची खात्री पटणे हा आहे. ती खात्री इतर मार्गाने पटत असेल तर दोषी माणसाने सुटावे असे कुणी म्हणणार नाही. गांजाची, एमडीची झळ लागलेली घरे आपल्याच तालुक्यांतून आहेत.

शेतकऱ्याशी थेट संबंध येणारा एक प्रकार वेगळाच आहे. उसाच्या सरीत, तुरीच्या ओळीत गांजाची झाडे लावल्याचे गुन्हे महाराष्ट्रात अधूनमधून नोंदवले जातात. लागवडीला वजनाची पायरी नाही, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. इथे अपिलातले पहिले पान सातबाऱ्याचे असते. गट एकाच्या नावावर, कसणारा दुसरा, वाटणी तोंडी, चार भावांची नावे अजून एकत्र. झाडे ज्या तुकड्यात निघाली तो आरोपीच्याच ताब्यात होता आणि लागवड त्यानेच केली, हे सरकारने दाखवायचे असते. उत्तर प्रदेशातल्या अलख राम खटल्यात हे दाखवता आले नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. तलाठ्याला साक्षीला बोलावले होते का आणि पीकपाहणीला कुणाचे नाव होते, एवढ्या साध्या गोष्टी तिथे निर्णायक ठरतात. वाटणी कागदावर आणायला टाळाटाळ करणाऱ्या भावांनी हे ध्यानात ठेवावे.

अपील दाखल झाले. सुनावणी कधी? उच्च न्यायालयात फौजदारी अपिलांची रांग लांब आहे, आणि दहा वर्षांच्या शिक्षेतली कित्येक वर्षे ती येण्याआधीच सरतात. म्हणून अपिलासोबतच दुसरा अर्ज जातो: अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा स्थगित करून जामिनावर सोडा. एनडीपीएसच्या कैद्यांना एकेकाळी हा अर्जच बंद होता. १९८९ मध्ये घातलेल्या कलम ३२अ ने सांगितले होते की या कायद्याखालची शिक्षा स्थगित करता येणार नाही, तिच्यात सूट मिळणार नाही, ती सौम्य करता येणार नाही. अपवाद फक्त सेवनाच्या कलमाचा.

ही भिंत पडली ती महाराष्ट्रातल्या खटल्यात. दादू ऊर्फ तुळशीदास विरुद्ध महाराष्ट्र राज्य, निकाल १२ ऑक्टोबर २०००. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की शिक्षा माफ करायची की कमी करायची हे सरकारचे अधिकार संसद आवळू शकते, पण अपील ऐकणाऱ्या न्यायालयाचा शिक्षा स्थगित करण्याचा अधिकार काढून घेणे घटनाबाह्य आहे. अपिलाचा हक्क द्यायचा आणि तो ऐकला जाईपर्यंत माणूस पुरी शिक्षा भोगून बाहेर येईल अशी व्यवस्था करायची, म्हणजे हक्क दिलाच नाही. तेवढ्यापुरते कलम ३२अ रद्द झाले. पॅरोलही या कलमाने अडत नाही, हेही त्याच निकालात स्पष्ट झाले.

भिंत पडली तरी उंबरठा उरला आहे. व्यापारी प्रमाण असेल तर कलम ३७ च्या अटी लागतात. सरकारी वकिलाला विरोधाची संधी द्यायची, आणि हा माणूस दोषी नाही असे मानायला वाजवी कारण आहे, बाहेर जाऊन तो पुन्हा गुन्हा करणार नाही, असे न्यायालयाचे मत व्हायचे. शिक्षा झालेल्या माणसाबद्दल असे मत होणे सोपे नाही. तरीही शिक्षेचा मोठा भाग भोगून झालेला आहे आणि सुनावणी दृष्टिपथात नाही, हे न्यायालये विचारात घेतात. चांगला वकील हा अर्ज एकदाच करून गप्प बसत नाही.

मृत्युदंडाचीही या कायद्यात एकेकाळी सक्ती होती: मोठ्या प्रमाणातल्या ठरावीक गुन्ह्यात दुसऱ्यांदा दोषी ठरला तर फाशीच, दुसरा पर्याय नाही. चरसच्या एका प्रकरणात मुंबईच्या विशेष न्यायालयाने २००८ मध्ये ती दिलीही होती. १६ जून २०११ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती अजय खानविलकर आणि न्यायमूर्ती ए. पी. भंगाळे यांनी ही सक्ती घटनाबाह्य ठरवली. फाशी द्यायची की नाही हे न्यायाधीशाने ठरवावे, कायद्याने त्याचा हात बांधू नये. २०१४ च्या दुरुस्तीत संसदेने ते कायद्यातच घेतले.

अपील प्रलंबित असताना कैदी वारला तर? कैदेच्या शिक्षेविरुद्धचे अपील संपते, पण जवळच्या नातेवाइकांनी ३० दिवसांत परवानगी मागितली तर ते पुढे चालवता येते. मुलगा गेल्यावर आईने त्याच्या कपाळीचा शिक्का पुसण्यासाठी कोर्टात उभे राहावे, याची सोय कायद्याने ठेवली आहे. फार थोड्या घरांना ती माहीत असते.

आपल्या टेम्पोवाल्याचे काय होईल? एकवीस किलो बारदानासह होते हे पेपरबुकात ठळकपणे दिसले तर व्यापारी प्रमाण गळून पडेल, दहा वर्षांची सक्ती जाईल, आणि भोगली तेवढी शिक्षा पुरे असा निकालही होऊ शकेल. दोष तसाच राहील. साखळी अखंड निघाली तर शिक्षा कायम होईल आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात विशेष परवानगीसाठी ९० दिवस उरतील. साखळी तुटलेली निघाली तर तो निर्दोष सुटेल. पण सुटकेच्या वेळीही त्याच्याकडून जातमुचलका आणि जामीन घेतला जातो, जो सहा महिने जिवंत असतो, कारण सरकारही ९० दिवसांत वर जाऊ शकते आणि तसे झाले तर त्याला तिथे हजर व्हावे लागते. म्हणून निकाल घेऊन परत निघालेल्या आईला वकील दारापर्यंत येऊन सांगतो, "मावशी, हे पेपरबुक जपून ठेवा. एवढ्यात टाकून देऊ नका."